एका अंगाने मजबूत

आमची मोटार वळणावर कलंडते, हे मला पहिल्यांदा नीलाने सांगितलं, आणि तेही मोटारीच्या बाहेरून. नीला म्हणजे माझी पत्नी. कुंडलिकेचा पूल ओलांडून मी गाडी जरा ऐटीत वळवली, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि ती रस्त्याकडेच्या भाजीवालीच्या पाटीशेजारी जाऊन बसली. वेग बेताचाच असल्यामुळे इजा काही झाली नाही. भाजीवालीने तर तिला गिऱ्हाईक समजून वांग्यांचा भाव सांगितला. नीलाने पदर सारखा केला, वांगी घेतली आणि ती पायी घरी आली. "तुमची गाडी कलंडते," एवढंच म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस तिने त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही.

मी जालन्यात वकिली करतो. गाडी छोटी, विलायती, आणि माझ्याआधी बऱ्याच प्रतिष्ठित माणसांनी वापरलेली. निजामी गेली तेव्हा एक जहागीरदार घाईघाईने हैदराबादला निघाले, ते ही गाडी मला देऊन गेले. वकिलाला गाडी लागते, असं माझं मत होतं. वकिलाला आधी अशील लागतात, असं नीलाचं मत होतं. दोन्ही मतं आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. गाडीचा विषय निघाला की ती पोळी जरा जोरात लाटायची, इतकंच.

खरा प्रश्न शेडचा होता. गाडी जिथे राहायची ती पत्र्याची शेड घराला लागून, चांगली ऐसपैस, उजेडाची, खाली शहाबादी फरशी. नीलाचा बालवर्ग मात्र ओसरीवर भरायचा. तिने औरंगाबादेला त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि गल्लीतली पोरं तिच्याकडे हसत यायची, ही गोष्ट अजब असली तरी खरी आहे. पण त्याच ओसरीवर सकाळी माझे अशीलही बसत. याचे जे व्हायचे ते परिणाम झाले. एका चिमुरडीने आईला जेवायला बसण्यासाठी पुढची तारीख दिली. उलट माझ्या एका साक्षीदाराला मुन्सफांनी शपथ घ्यायला सांगितली, तेव्हा त्याने हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. तो दावा मी हरलो. नीलाचं म्हणणं, पोरांना शेड द्या आणि गाडी विका. माझं म्हणणं, पोरं मोठी होतील आणि आपोआप जातील, गाडी कुठे जाणार?

अशात जनावरांच्या प्रदर्शनाची जाहिरात लागली. छावणीतल्या घोडदौडीच्या जुन्या मैदानावर हे प्रदर्शन दरवर्षी भरतं. त्या वर्षी दवाखान्याच्या मदतीसाठी मोटारींची शर्यत घ्यायची, मैदानाला गोल फेरे मारायचे, असं कमिटीने ठरवलं. आमच्याच बारमधले रामराव वकील, ज्यांना सासऱ्यांकडून लांबलचक मोटार मिळालेली आहे, त्यांनी पहिलं नाव दिलं. मग बार-रूममध्ये चारचौघांत माझ्याकडे बघून ते म्हणाले की, वळणावर बायको उतरवून जाणाऱ्या गाडीला वजनाचा थोडा फायदा मिळेल. लोक हसले. मी त्याच दुपारी नाव दिलं.

मी घरी येईपर्यंत नीलाला हे कळलेलं होतं. तिने ताट वाढलं आणि शांतपणे अट घातली.

"गाडी पहिली आली तर शेड गाडीची. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली तर शेड माझ्या पोरांची, अन् तुम्ही विषय काढायचा नाही. आहे कबूल?"

मी कबूल म्हणालो. त्या वेळी आमटी फार चांगली झाली होती.

आता गाडी कलंडते म्हणजे नेमकं काय होतं, हे शोधणं आलं. मी एका विलायती मासिकात वाचलं होतं की, वळताना गाडीचं सगळं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं. चाकावरची कमान, म्हणजे पोलादी पाट्यांची स्प्रिंग, बाहेरच्या अंगाला दबते, आतल्या अंगाला उचलली जाते. यावर उपाय दोन. एक, कमानींना जादा पाटे घालून त्या ताठ करायच्या. दोन, डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारा एक आडवा दांडा खाली बसवायचा, म्हणजे एक बाजू दबायला लागली की दुसरीही तिच्याबरोबर ओढली जाते आणि गाडी सपाट राहते. त्याला मी झोलरोधक दांडा असं मराठी नाव दिलं. ते आजवर माझ्याशिवाय कोणी वापरलेलं नाही.

सल्ला देणाऱ्यांची जालन्यात कधीच टंचाई नसते. शेजारचे मार्तंडराव शाळा-तपासणीतून निवृत्त झालेले. जगातली कोणतीही अडचण भूमितीने सुटते असा त्यांचा विश्वास. त्यांनी आमच्या अंगणात खडूने मैदान काढलं, त्यात गाडी काढली, आणि असा निष्कर्ष काढला की मी गाडीत अगदी मधोमध बसावं. स्टिअरिंग उजवीकडे आहे हे दाखवल्यावर ते म्हणाले, ती बनवणाऱ्याची चूक. त्यांच्या सौभाग्यवतींनी आतल्या बाजूला जवारीचं पोतं ठेवायला सुचवलं, आणि पोतं देण्याचीही तयारी दाखवली. शर्यत झाल्यावर ते त्यांच्या भावाकडे पोचवायचं होतं. खरा सल्ला मात्र पुंजारामने दिला. पुंजाराम हा माझा तीर्थपुरीचा अशील. भावकीशी बांधाचा दावा माझ्या हयातीत संपणार नाही अशा बेताने चाललेला, त्यामुळे आमचा घरोबा होता.

"वकीलसायब," पुंजाराम म्हणाला, "मैदानाला डाव्या अंगानं फिरायचं ना? घोडे तसेच पळायचे. मंग गाडीला उजवीकडंच झोक जाणार. डावी कमान कशाला हात लावून राह्यले? खळ्यात मधल्या खांबाजवळ, तिवड्याजवळ, म्हातारा बैल जुपतेत, अन् कडंला दमदार. दोन्ही दमदार जुपून खर्चा कोण करतं?"

हे ऐकून मार्तंडरावांनी खडूचं मैदान पुसलं. मला ते तत्काळ पटलं. गोल मैदानाला एकाच दिशेने फेरे मारायचे असतील तर दोन्ही बाजू मजबूत करणं हा उधळेपणाच आहे. आजही मला त्या तर्कात चूक सापडत नाही.

ट्रकच्या कमानी बांधणारा धर्मराज शहागडला असतो. गोदावरीकाठी ट्रक थांबतात, ड्रायव्हर चहा पितात आणि तोवर धर्मराज ट्रकखाली शिरून काहीतरी ठोकतो. त्याने गाडीला एक फेरी मारली, बंपर खाली दाबून सोडला, थोडा वेळ डोळे मिटले, आणि उजव्या कमानीत ट्रकचा पाटा घालावा लागेल असं सांगितलं. मला तेव्हा वाटलं की हे निदान आहे. पुढे कळलं की त्याच्याकडे त्या दिवशी तेवढाच एक पाटा होता. झोलरोधक दांड्याबद्दल मी त्याला मासिकातलं चित्र दाखवलं. त्याने ते उलटं धरून पाहिलं आणि म्हणाला, "हां, आडवी पहार." मग निवड सुरू झाली. मोटेच्या चाकाचा कणा लावून पाहिला, तो पहिल्याच खड्ड्यात वाकला. मग खरीच एक पहार लावली. तिच्यामुळे गाडीचं एकही चाक स्वतंत्र विचार करीना. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही सहानुभूतीने खाली जाई, आणि शहागडपासून जालन्यापर्यंतचा अख्खा रस्ता बैठकीतून माझ्या पाठीत शिरला. घरी पोचलो तेव्हा मान धरली होती. ती उजवीकडे वळेना, डावीकडेही वळेना, आणि खाली तर मुळीच होईना.

वकिलाची मान ताठ होणं ही साधी गोष्ट नाही. मुन्सफांपुढे मला नम्र होता येईना. त्यांनी एक-दोनदा माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि नंतर रामरावांचा अर्ज मंजूर केला. वैद्यांनी मानेला तेल चोळून पट्टा बांधला. पट्टा बघून भावकीने मला मारलं अशी पुंजारामच्या गावात बातमी गेली, आणि तो बिचारा लोक घेऊन धावत आला. शेवटी पहार काढून मधल्या जाडीचा एक दांडा बसवला. धर्मराजने तो कशाचा काढला ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता गाडी तयार झाली. उजवीकडे ट्रकचा पाटा असल्यामुळे उभी असताना ती डाव्या अंगावर रेलून असायची. पण डावीकडे वळलं की हळूहळू सरळ व्हायची आणि ऐन वळणात अगदी सपाट. मी आनंदाने गल्लीच्या कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा डावीकडे वळलो. उजवीकडे वळताना मात्र ती इतकी झुके की समोरच्या सायकलवाल्यांनी सायकली सोडून दिल्या. म्हणून मी उजवीकडे वळणं बंद केलं. आमच्या घरून कोर्टात जायला एकच उजवं वळण आहे. ते टाळण्यासाठी मी डावीकडे, डावीकडे आणि पुन्हा डावीकडे, धान्याच्या आडतीतून आणि म्हशींच्या बाजारातून जाऊ लागलो. कोर्टात उशीर होई, पण एक तंत्रशुद्ध गाडी चालवत असल्याचं समाधान असे.

कमिटीला गाडी ठीक असल्याचा सरकारी दाखला हवा होता. गाडीचे मूळ कागद उर्दूत, उर्दू वाचणारे कारकून पेन्शनीत, आणि पेन्शनीतल्या कारकुनांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ते सगळं पार पडल्यावर तपासणी करणारे साहेब बाहेर आले. त्यांनी मला गाडी सरळ उभी करायला सांगितली. मी म्हणालो, ती सरळच उभी आहे. त्यांनी पट्टी लावून दोन्ही बाजूंची उंची मोजली, दोन निरनिराळे आकडे आले, आणि फॉर्मात उंचीची एकच चौकट होती. सरळ होईल तेव्हा आणा, म्हणाले. इथे मार्तंडरावांची भूमिती पहिल्यांदा आणि शेवटची कामाला आली. कचेरीच्या मागे उजवीकडे उतरती जमीन होती. तिथे गाडी नेऊन उभी केली, तर ती बिलकुल ताठ दिसू लागली. साहेब कलत्या जमिनीवर स्वतः वाकडे उभे राहून म्हणाले, आता कसं. दाखला मिळाला.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर जालन्यातली आणि भोवतालच्या गावांतली सगळी माणसं होती. परतूरहून लोक रेल्वेने आले होते. बैल, म्हशी, कडब्याच्या गंजी, शेवचिवड्याची दुकानं आणि मध्ये तीन मोटारी. रामरावांची लांबलचक, दवाखान्याच्या डॉक्टरांची काळी, आणि माझी, डाव्या अंगावर रेललेली. मान अजून पट्ट्यात होती. रामराव येऊन गाडीला उन्हाळा बाधला का, असं विचारून गेले. मी मान हलवली नाही.

शिट्टी वाजणार, इतक्यात गोजरबाई रस्त्यावर येऊन बसली.

मैदानाच्या मध्यावर मारुतीचं एक छोटं देऊळ आहे. झाडलोट, दिवाबत्ती सगळं गोजरबाई करते. ती शांतपणे, हातातला झाडू बाजूला ठेवून, मोटारींसमोर बसली. कमिटीचे अध्यक्ष धावत आले. काय झालं, असं त्यांनी विचारलं.

"देवाला डाव्या हाताला घालून फिरत न्हाईत," गोजरबाई म्हणाली. "फौजेचे घोडे फिरले, गोरे सायब फिरले, त्याईले कोण सांगणार व्हतं? आता राज्य आपलं हाय. तुम्ही तर आपली माणसं. तुमाला उजवी-डावी प्रदक्षिणा कळत न्हाई का?"

सगळं मैदान देवळाकडे बघू लागलं. खरं म्हणजे हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मार्तंडरावांनी शर्यतीपुरता देवळाला पडदा लावायची सूचना मांडली आणि कमिटीने तिच्यावर गंभीरपणे चर्चाही केली. पडद्यामागं मारुती काय डोळे मिटून बसतो का, असं गोजरबाईने विचारल्यावर चर्चा संपली. शर्यत उलट दिशेने, म्हणजे मारुतीला उजव्या हाताला ठेवून होईल, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामरावांनी आणि डॉक्टरांनी गाड्यांची तोंडं फिरवली. त्यांना काहीच फरक पडत नव्हता.

मी एकटा बसून राहिलो. ज्या बाजूला पाटा घातला, दांडा निवडला, मान गमावली, ती बाजू आता आत आली होती आणि नरम बाजू बाहेर. एकच उजवं वळण घेतलं असतं तर गाडी मारुतीसमोर साष्टांग आडवी झाली असती. शेड गेली, असं मला स्पष्ट दिसलं. आणि खरं सांगायचं तर शेडपेक्षा रामरावांचा चेहरा जास्त दिसत होता.

माणूस अडचणीत आला की त्याचा धंदा त्याला वाचवतो. मी नियम मागवले आणि वाचले. गाडी कोणत्या दिशेने जावी हे त्यात होतं. गाडीचं तोंड कुठे असावं हे नव्हतं. मी अध्यक्षांपुढे उभा राहिलो आणि ताठ मानेने युक्तिवाद केला की मी त्याच दिशेने जाईन, फक्त पाठमोरा. गाडी मागे चालवली की आतली बाजू बाहेर होते आणि ट्रकचा पाटा पुन्हा आपल्या जागी येतो. रामरावांनी हरकत घेतली. अध्यक्षांना उन्हाचा त्रास होत होता. ते म्हणाले, जा हो, कसेही जा.

आता एकच अडचण होती. मागे जायचं तर मागे बघायला हवं, आणि मान तर वळत नव्हती. कोणीतरी मागच्या बैठकीवर बसून वाट सांगायला हवी होती. मार्तंडराव पुढे आले, गाडीचा कल पाहिला आणि त्यांना रक्तदाब आठवला. पुंजाराम तयार होता, पण तो बसल्यावर गाडीचं सगळंच गणित बदललं. मी गाडीच्या पायरीवर बसलो. हे सगळं लोक बघत होते.

बायकांच्या कनातीतून नीला बाहेर आली. तिने पदर खोचला, मागचं दार उघडलं, आणि बैठकीवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून बसली. कनातीत कुजबूज झाली. वकिलीणबाई सबंध जालन्यासमोर मोटारीत उलट्या तोंडाने बसल्या, ही गोष्ट पुढे बरेच दिवस हळदीकुंकवाला पुरली.

शिट्टी झाली. रामराव आणि डॉक्टर भुर्रकन गेले. मी मागचा गिअर टाकला. ती गाडी पुढे जाताना कुरकुर करते, पण मागे मात्र उत्साहाने जाते. पहिल्याच वळणावर ती सरळ झाली, सपाट झाली, आणि मला माझ्या कमानीचा अभिमान वाटला. नीला वाट सांगू लागली. पण तिचा डावा हात तो माझा उजवा, त्यामुळे आम्ही आधी शेवचिवड्याच्या दुकानाकडे निघालो. दुकानदार कढई सोडून पळाला. मग नीलाने हात सोडले आणि खुणा धरल्या. आत वळायचं असलं की "मारुतीकडे", बाहेर जायचं असलं की "कडब्याकडे". त्यानंतर एकदाही गफलत झाली नाही.

डॉक्टर सर्वांत पुढे होते. पहिल्या फेऱ्याच्या शेवटी त्यांना एका पेशंटचे नातेवाईक आडवे आले. डॉक्टरांनी थांबून नाडीचं विचारलं, नातेवाइकाला शेजारी बसवलं, आणि ते तसेच मैदानाच्या फाटकातून बाहेर पडले. ते परत आले नाहीत. राहिले रामराव. पण प्रदक्षिणा म्हटल्यावर नमस्कार आलाच. रामराव धार्मिक माणूस. देवळासमोरून जाताना दरवेळी ते स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडत. त्यातल्या एका फेऱ्यात हात जोडलेलेच राहिले आणि लांबलचक मोटार कडब्याच्या गंजीत निम्मी शिरली. कोणाला लागलं नाही. फक्त एका बैलाने ती गंजी स्वतःची समजून थोडा राग व्यक्त केला. लोकांनी मोटार ओढून बाहेर काढली, तेवढ्या वेळात आम्ही मागच्या मागे त्यांना ओलांडलं. माझं तोंड त्यांच्याकडेच असल्यामुळे मला तो चेहरा शेवटी बघायला मिळाला.

शेवटचा फेरा आला. रामराव अंगावर कडबा घेऊन वेगाने माझ्याकडे येत होते, समोरून, क्षणाक्षणाला मोठे होत. मला फक्त तेच दिसत होते. मागे काय आहे ते फक्त नीलाला दिसत होतं. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, माझ्या लक्षात आलं की गाडी हरली तर शेड हिची आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की आम्ही म्हशींच्या शेणात, आणि सोमवारपासून पोरं फरशीवर. मी असा विचार केला, हे मला आता आवडत नाही. पण केला.

"कडब्याकडे," नीला म्हणाली.

माझा हात थबकला. तिला ते कळलं असावं. ती मागे न वळता, जराही आवाज न चढवता म्हणाली, "मला दिसतंय, तुम्हाला दिसत नाही. विश्वास नसेल तर गाडी थांबवा."

मी कडब्याकडे वळवलं. बाजूने एक रेडकू निघून गेलं, जे मला ओलांडून गेल्यावर दिसलं. "आता मारुतीकडे. अजून. अजून थोडं. बस." लोक ओरडले, आणि आमच्या गाडीची पाठ रेषेवरून गेली. रामराव नंतर आले.

त्यांनी लगेच तक्रार केली. वकील हरला की अपील करतोच, त्यात मला वावगं वाटलं नाही. त्यांचा मुद्दा असा होता की मी पाठमोरा असल्यामुळे मारुती सबंध शर्यतभर माझ्या डाव्या हाताला राहिला. म्हणजे गाडीने उजवी प्रदक्षिणा केली तरी चालवणाऱ्याने डावी केली, आणि ज्या कारणाने दिशा बदलली तेच कारण मी पायदळी तुडवलं. कमिटी गोंधळली. मुद्दा चांगला होता. मीही तोच काढला असता. अखेर अध्यक्षांनी गोजरबाईला विचारलं.

गोजरबाई गाडीभोवती फिरली. मला कुठे बसला होतात ते विचारलं, नीलाला विचारलं. मग म्हणाली, "वकीलसायबाच्या डाव्या हाताला देव राह्यला, हे खरं. पर बाई तर जिकडं गाडी चालली तिकडंच बघत व्हती. देव तिच्या उजव्याच हाताला व्हता. तिची बराबर झाली. अन् वाट तर तिनंच दावली. सायबानं नुस्तं चाक फिरवलं."

अध्यक्षांना हा निकाल इतका आवडला की त्यांनी लगेच जाहीर करून टाकलं. गाडी पहिली, बक्षीस नीलाबाईंना. पितळेचा मोठा हंडा होता. टाळ्या वाजल्या, त्यात माझ्याही होत्या. नुसतं चाक फिरवणारा म्हणून माझं नाव पुकारायचं राहून गेलं.

घरी येताना नीला पुढच्या बैठकीवर हंडा मांडीवर घेऊन बसली होती. डावीकडे, डावीकडे करत आम्ही सावकाश चाललो होतो. मी विचारलं की रेडकाच्या वेळी ती उलट का नाही बोलली.

"मला शेड हवी होती," ती म्हणाली. "तुम्ही शेणात पडलेले नको होतात."

मी हॉर्न वाजवला, रस्त्यात कोणी नसताना.

नीलाने शब्द पाळला. गाडी पहिली आली, शेड गाडीची. तिने विषय काढला नाही. पोळ्यासुद्धा हळू लाटू लागली, आणि ते मला फार लागलं. पोरं शेडमध्ये डोकवायला लागली तर ती त्यांना हाताला धरून परत आणायची आणि सांगायची की ती जागा गाडीने जिंकली आहे, आपली नाही. ती हे टोमण्याने म्हणाली असती तर मी निभावलं असतं. ती खरंच तसं समजून म्हणत होती. ओसरीवर एकीकडे पुंजाराम बांधाची हकीकत सांगायचा, दुसरीकडे पोरं अंग चोरून बसायची, आणि मी आतून शेडकडे बघायचो. एवढ्या मोठ्या जागेत ती गाडी एका अंगावर रेलून एकटीच उभी असायची. मला जिंकल्यासारखं एक दिवस वाटलं नाही.

एके सकाळी मी गाडी बाहेर काढली आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली नेऊन लावली. चाकांना दगड लावले. नीला ओसरीवरून बघत होती.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. कमानींना मोकळी हवा लागते. धर्मराज म्हणाला."

"किती दिवस लागते?"

"पोलाद आहे. वर्ष-दोन वर्षं सहज."

तिने वर फांद्यांकडे पाहिलं. "अन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात तर फारच आवश्यक असते," मी म्हणालो. "तांत्रिक बाब आहे. तुला सांगून कळणार नाही."

"नाही कळायची," ती म्हणाली. मग तिने तोंड फिरवलं आणि उगाच पदराने डोळे पुसले. पोरांकडे वळली तेव्हा तिचा आवाज रोजचाच होता.

"चला, पाट्या उचला."

पोरं उठली आणि शेडकडे पळाली. ओसरीवर मी आणि पुंजाराम उरलो, आणि इतकी जागा झाल्यावर बांधाच्या दाव्याचं काय बोलायचं ते दोघांनाही आठवेना.